मिरचीवरचा आळ : लहान मुलांच्या पोटातला अल्सर

१९८८ साली अमेरिकेतल्या काही पोटविकारतज्ज्ञांनी बारा धडधाकट माणसांना वेगवेगळ्या वेळी चार प्रकारचं जेवू घातलं. एकदा अगदी सपक जेवण. एकदा तेच सपक जेवण, पण सोबत ॲस्पिरिनच्या गोळ्या. एकदा झणझणीत मेक्सिकन पदार्थ आणि एकदा मसालेदार पिझ्झा. प्रत्येक वेळी नंतर दुर्बीण घालून जठराच्या आतलं अस्तर तपासलं. ॲस्पिरिनवाल्या जेवणानंतर बारापैकी अकरा जणांच्या अस्तरावर जागोजाग ओरखडे उठले होते. तिखट जेवणानंतर मात्र नाव घेण्याजोगं काही सापडलं नाही. मग त्यांनी वाटलेली हालापेन्यो मिरची नळीतून थेट जठरात सोडून पाहिली. अस्तर तरीही शाबूत राहिलं.

आपल्या लवंगी मिरचीपुढे हालापेन्यो सौम्यच, आणि प्रयोगातली माणसं मोठी आणि निरोगी होती. तेव्हा या एका प्रयोगावर विसंबून ठेच्याची निर्दोष सुटका करता येणार नाही. पण खरा संशयित कोण असू शकतो, एवढं त्यातून नीट दिसतं. आणि तो संशयित आपल्या घरात मिरचीच्या डब्यात सापडत नाही, औषधांच्या कप्प्यात सापडतो.

मूल पोट धरून बसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘काय खाल्लंस?’ शाळेबाहेरची भेळ, चिंचेच्या गोळ्या, न संपवता परत आणलेला डबा, मामाच्या घरचं तिखट कालवण, सगळ्यांची झडती होते. आजी म्हणते जंत झाले असतील, शेजारच्या काकू म्हणतात बेंबी सरकली असेल, बाबा म्हणतात उद्या गणिताचा पेपर आहे ना, मग दुसरं काय. आठवडाभरात दुखणं थांबलं नाही की कुणीतरी मोबाइलवर शोधतं, आणि तिथे पहिल्या दहा ओळींत ‘अल्सर’ हा शब्द भेटतो. तेव्हापासून मूल फक्त मऊ भात आणि ताकावर.

खरं तर मुलांमध्ये अल्सर ही दुर्मीळ गोष्ट आहे. पोटदुखी अजिबात दुर्मीळ नाही. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातल्या साधारण दर दहा मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखी होती. वारंवार म्हणजे किमान तीन महिन्यांत तीनदा, आणि खेळ किंवा शाळा बंद पडेल इतकी. यांतल्या बहुतेकांच्या पोटात शोधूनही काही बिघाड सापडला नाही. ॲपलींनी त्यावरून एक ठोकताळा मांडला, जो बालरोगतज्ज्ञ अजूनही वापरतात : मूल बेंबीवर बोट ठेवून दुखतंय म्हणत असेल तर बहुधा गंभीर काही नसतं. दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकं कारण शोधायला हवं.

काही बिघाड सापडला नाही म्हणजे मूल ढोंग करतंय, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदना काही मुलांमध्ये तीव्र असते. साध्या वायूच्या ताणानेही त्यांना कळ येते, आणि काळजीने ती वाढते. गणिताच्या पेपरचा संबंध इथे खरोखरच येतो, फक्त तो अल्सरशी नाही. याखेरीज बद्धकोष्ठ हे मुलांच्या पोटदुखीचं फार मोठं कारण आहे आणि त्याकडे घरातलं लक्ष सगळ्यांत कमी जातं. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं नाही म्हणून दिवसभर शी दाबून ठेवणारी मुलं किती असतात, ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारावं.

मग अल्सर म्हणजे नेमकं काय? जठरात रोज हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं. ते मांस पचवू शकतं, आणि जठर स्वतःही मांसाचंच आहे. ते स्वतःला पचवत नाही, कारण आतून चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, खालून भरपूर रक्तपुरवठा असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलून नव्या येतात. मातीच्या घराच्या भिंतीला पावसाळ्याआधी लिंपण करत राहावं, तसं हे काम अखंड चाललेलं असतं. ॲसिड आणि लिंपण यांच्यातला तोल बिघडला की अस्तर खरवडलं जातं. खरवडणं वरवरचं असेल तोवर ते लवकर भरून येतं. ते अस्तराखालच्या पातळ स्नायूच्या थराच्या पार गेलं की त्याला अल्सर म्हणायचं. तो जठरात होतो किंवा जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला वीतभर भाग असतो, ड्युओडेनम, तिथे होतो. मोठ्या मुलांमध्ये ड्युओडेनमचाच जास्त.

बालरोगतज्ज्ञ या अल्सरचे दोन गट पाडतात, आणि पालकांना उपयोगी पडेल अशी ही एकच वर्गवारी आहे. एका गटात अल्सर हाच मूळ आजार. तो साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांत दिसतो, हळूहळू वाढतो, पुन्हा पुन्हा उलटतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक जंतू असतो. दुसऱ्या गटात अल्सर हा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम : मोठं आजारपण किंवा औषध. हा कुठल्याही वयात, अगदी तान्ह्या बाळालाही होतो, आणि बऱ्याचदा कळ न येता थेट रक्तस्राव होऊनच समजतो.

आजारपणाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात घरच्यांच्या हातात फारसं काही नसतं. थॉमस कर्लिंग या लंडनच्या शल्यविशारदाने १८४२ साली गंभीर भाजलेल्या रुग्णांच्या ड्युओडेनममध्ये अल्सर सापडतात हे लिहून ठेवलं. १९३२ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वी कुशिंग यांनी मेंदूच्या आजारांत तसंच होतं हे दाखवलं. दोन्ही अल्सरांना त्यांची नावं मिळाली. शरीरावर मोठा आघात झाला की रक्त हृदय आणि मेंदूकडे वळवलं जातं, जठराच्या वाट्याला कमी येतं, आणि लिंपण थांबतं. अतिदक्षता विभागात ठेवलेल्या, व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलाला पोटाची तक्रार नसतानाही ॲसिड कमी करणारं इंजेक्शन का देतात, याचं उत्तर यात आहे. शक्य तितक्या लवकर नळीने दूध सुरू करण्यामागेही हेच एक कारण असतं.

आता औषधांचा कप्पा. तापाला आणि दुखण्याला आपण जी औषधं देतो त्यांतलं पॅरासिटामॉल जठराला जवळपास निरुपद्रवी आहे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन यांचं तसं नाही. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाची निर्मिती रोखतात. जॉन व्हेन यांनी १९७१ साली हे उलगडून दाखवलं आणि १९८२ साली नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की ताप उतरतो, सूज आणि वेदना ओसरते. पण जठरातला श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा हे सगळं त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या भरवशावर असतं.

म्हणून ‘गोळी नाही, सिरप आहे, लहान मुलांचंच आहे’ या दिलाशात फारसा अर्थ नाही. औषध रक्तात गेल्यावरही जठराचं संरक्षण कमी करतंच, मग ते तोंडावाटे दिलेलं असो की इंजेक्शनने. जेवल्यावर द्यावं हा सल्ला योग्यच आहे, त्याने थेट लागणारी झळ कमी होते. पण धोका संपत नाही. आणि जे मूल तापाने फणफणलेलं असतं, ते नेमकं जेवत नसतं. दोन दिवस उलट्या-जुलाब, पोटात पाणी ठरत नाही, आणि ताप उतरत नाही म्हणून आयबुप्रोफेनचा आणखी एक चमचा. अशा वेळी जठरालाही धोका आणि मूत्रपिंडालाही. पावसाळ्यात तर डेंग्यूची शक्यता असल्याने ही औषधं डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच नकोत, कारण डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती असते.

आपल्या दुकानांत मिळणाऱ्या कितीतरी सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, किंवा पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक ॲसिड एकाच बाटलीत असतं. पुढे मोठं ब्रँडचं नाव आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक. आईने एक बाटली दिली, संध्याकाळी आजोबांनी दुसऱ्या नावाची दिली, तर एकच औषध दुप्पट गेलेलं असतं. निमेसुलाइड २०११ सालापासून भारतात बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. ती मुख्यतः यकृताच्या काळजीपोटी घातली गेली. घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून मुलाला देण्याची सवय मात्र कायद्याने जात नाही.

एका-दोन मात्रांनी अल्सर होईल असं समजून कुणी घाबरू नये. बहुतेक मुलांना काहीही होत नाही. धोका वाढतो तो दिवसेंदिवस देत राहिल्याने, जास्त मात्रेने, दोन वेदनाशामकं एकत्र दिल्याने किंवा सोबत स्टेरॉइड चालू असल्याने. सांधेदुखीचा जुनाट आजार, संधिवाताचा ताप, कावासाकी आजार अशा दुखण्यांत मुलांना ही औषधं दीर्घकाळ घ्यावीच लागतात. हा लेख वाचून त्यांनी ती परस्पर थांबवू नयेत. जठराच्या बचावासाठी सोबत काही हवं का, एवढं डॉक्टरांना विचारावं. आणखी एक गट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : पाळीत पोट दुखतं म्हणून दर महिन्याला मेफेनॅमिक ॲसिड घेणाऱ्या शाळकरी मुली. सकाळी न खाता शाळा, मग कुणा मैत्रिणीच्या दप्तरातली गोळी, तीही रिकाम्या पोटी. घरी त्याचा पत्ताच नसतो. या मुलीला पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते असं कळलं, तर गोळ्यांचा विषय न संकोचता काढायला हवा.

आता तो जंतू. विसाव्या शतकाचा बराचसा काळ अल्सर म्हणजे ॲसिड आणि चिंता हे समीकरण पक्कं होतं. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी अल्सरच्या रुग्णांना ठरावीक तासांनी दूध आणि साय पाजण्याचा उपचार सुचवला आणि तो कित्येक दशकं जगभर चालला. आपल्याकडचा ‘थंड दूध पी’ हा सल्ला त्याच घराण्यातला. दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. थोड्या वेळाने त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी ॲसिड करायला लावतात. जे औषधांनी बरे झाले नाहीत, त्यांच्या जठराचा तुकडा कापून काढत असत.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ साली जठराच्या तुकड्यांत नागमोडी जिवाणू दिसले. जठरातल्या ॲसिडमध्ये काही जगू शकत नाही असं तेव्हा पुस्तकांत छापलेलं होतं, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत हे जिवाणू वाढवण्याचे प्रयत्न एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून देत. १९८२ सालच्या ईस्टरच्या लांब सुट्टीत बशा तशाच राहिल्या, आणि परत आल्यावर त्यांत वसाहती दिसल्या. जिवाणू मंदगतीचा होता, एवढंच. तरीही वैद्यकविश्वाला पटेना, म्हणून १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणूंचा गढूळ रस्सा स्वतःच प्यायला. आठवड्याभरात उलट्या, तोंडाला दुर्गंधी, आणि दुर्बिणीत जठराला चांगलीच सूज. एक गोष्ट या कथेत हमखास गाळली जाते : मार्शल यांना अल्सर झाला नव्हता. झाली ती जठराची सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा गाळलेला तपशील मुलांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे या जिवाणूचं नाव. तो युरिएज हे विकर वापरून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्याने आजूबाजूचं ॲसिड मारतो आणि श्लेष्म्यात शिरून राहतो. माणसासोबत तो हजारो वर्षं आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या पोटातही तो निघाला. २०१६ साली त्या जिवाणूची जनुकं वाचली तेव्हा तो आजच्या युरोपातल्या वाणापेक्षा मध्य आणि दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाच्या जास्त जवळचा ठरला. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू राहत असल्याचं बहुतेक पाहण्या सांगतात, आणि बहुतेकांना तो बालपणीच लागलेला असतो. आईकडून, भावंडांकडून, उलटीतून, दूषित पाण्यातून, दाटीवाटीच्या घरातून. घास चावून मऊ करून बाळाच्या तोंडात देण्याची माया त्यालाही सोयीची पडते.

पण इतक्या मुलांत जंतू आहे तर इतक्या मुलांना अल्सर का नाही? कारण मुलांची प्रतिकारशक्ती या जिवाणूशी मोठ्यांइतकी त्वेषाने लढत नाही. सूज सौम्य राहते, तक्रार बहुधा काहीच नसते. लहान वयात काहींच्या पोटातून तो आपोआप निघूनही जातो. म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार संघटनांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की नुसत्या पोटदुखीसाठी मुलांची हेलिकोबॅक्टर चाचणी करू नये. ती करावी अल्सरची खरी शंका असेल तेव्हा, किंवा लोहाचं औषध देऊनही न भरून येणारा रक्तक्षय असेल अशा मोजक्या प्रसंगी. सध्या रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये या जंतूची प्रतिपिंडंही मोजून मिळतात. मुलांच्या निदानात त्या चाचणीला किंमत नाही. ती ‘पॉझिटिव्ह’ आली की आईबाप आणखी शोधतात, १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जिवाणूला कर्करोगकारकांत गणल्याचं वाचतात, आणि घाबरून आठ वर्षांच्या पोराला तीन-तीन औषधं सुरू होतात. जठराचा कर्करोग होतो तो दशकानुदशकांच्या सुजेनंतर आणि तोही संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच.

मग शंका घ्यायची कधी? मूल पोटाच्या वरच्या भागावर, बरगड्यांच्या मधल्या खळग्यावर बोट ठेवत असेल. झोपेतून दुखण्याने जागं होत असेल. शाळेच्या सकाळी पोट दुखणारं मूल रविवारी ठणठणीत असतं. अल्सर मात्र रविवार पाळत नाही. वारंवार उलट्या, वजन न वाढणं किंवा घटणं, भूक मरणं, फिकटपणा आणि दम लागणं, आई-वडिलांना अल्सरचा इतिहास या इतर खुणा. जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी, यावरून मोठ्यांत लावतात तसा अंदाज लहान मुलांत लागत नाही. तान्हं बाळ तर नुसतं दूध सोडतं, किरकिरतं, उलट्या करतं.

रक्ताची खूण वेगळी. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. लोहाच्या सिरपाने आणि भरपूर जांभळं खाल्ल्यानेही शी काळी होते, बिटाने लाल. पण ती चिकट नसते आणि मूल हसतखेळत असतं. शंका उरलीच तर शीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाच्या शरीरात दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे १५ किलोच्या मुलात जेमतेम सव्वा लिटर. त्यातलं पाव लिटर गेलं तर ते मोठ्या माणसाच्या लिटरभराइतकं. शिवाय मुलाचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी दिसतात त्या खुणा म्हणजे धडधडती नाडी, गार हातपाय आणि झोपाळूपणा. अशा वेळी खायला-प्यायला काही न देता, एका कुशीवर निजवून, १०८ ला फोन करून, जिथे रक्तपेढी आणि दुर्बिणीची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावं.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण परदेशी माहितीवर विसंबलं की ती निसटते. भारतात मुलांना होणाऱ्या मोठ्या रक्ताच्या उलट्यांचं सगळ्यांत नेहमीचं कारण अल्सर नाही. यकृताकडे जाणारी मोठी शीर गुठळीने बंद पडते, मग रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून वाट काढतं, त्या फुगतात आणि फुटतात. मूल एरवी खेळतं-बागडतं असतं, कावीळही नसते, फक्त डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढलेली हाताला लागते. याचे उपचार अल्सरहून पार वेगळे. उलट टोकाला, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या उलटीतलं रक्त कधी कधी आईच्या भेगाळलेल्या स्तनाग्राचं असतं, आणि शाळकरी मुलाच्या उलटीतलं रक्त रात्री फुटलेल्या घोळण्याचं, झोपेत गिळलेलं. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्यांनी पोट चोळणं, बेंबी बसवणं मात्र तातडीने थांबवावं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळांच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. तिथलं दुर्दैव असं की मूल दवाखान्यात पोचतं तेव्हा मूळ आजारावर भाजल्याची भर पडलेली असते.

निदानाचा खात्रीचा मार्ग दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी. पालकांना या शब्दाची जेवढी धास्ती असते तेवढी ती नसते. मुलाला गुंगी किंवा भूल देतात, करंगळीएवढी किंवा त्याहून बारीक नळी तोंडावाटे आत जाते, आणि काम बहुधा पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. आधी सहा तास घन अन्न बंद असतं. हा नियम आजीने लपूनछपून दिलेल्या बिस्किटाने मोडतो आणि तपासणी पुढे ढकलावी लागते. अस्तराचे कणभर तुकडे काढतात, ते दुखत नाही. त्यांतला एक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात. हेलिकोबॅक्टर असेल तर त्याच्या अमोनियाने जेल गुलाबी होतं. हा जंतू असलेल्या मुलांच्या जठराच्या खालच्या टोकाला बऱ्याचदा बारीक गाठींची खडबडीत नक्षी दिसते, जी मोठ्यांत क्वचितच दिसते.

उपचार दोन पदरी असतात. ॲसिड अडवणारं औषध, ओमेप्राझोल किंवा त्याच्या जातीतलं दुसरं, साधारण चार ते आठ आठवडे. ते सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचं. जेवणानंतर दिलं तर निम्मं वाया जातं. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून आतले मणी चमचाभर सफरचंदाच्या गरात देता येतात. ते खलात कुटायचे नाहीत, कारण मण्यांवरचं कवचच त्यांना जठराच्या ॲसिडमधून सुखरूप पुढे नेतं. औषधांमुळे अल्सर झाला असेल तर ते औषध थांबवणं आणि हे एवढं बहुधा पुरतं. जंतू असेल तर सोबत दोन प्रतिजैविकं, चौदा दिवस. मात्रा वजनावर ठरते. क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप कडू असतं, पोट बिघडतं, चौथ्या दिवशी दुखणं थांबलेलं असतं, आणि पालकांचा निश्चय ढळतो. नेमक्या अशा अर्धवट कोर्सांनी आपल्याकडे हा जंतू क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन्हींना निगरगट्ट झाला आहे. शक्य असेल तिथे तुकड्यातला जंतू वाढवून कुठलं औषध चालेल ते आधी तपासतात. शस्त्रक्रिया आता फक्त अल्सर फुटला किंवा रक्त थांबेना तरच करतात. फुटला तर अचानक असह्य कळ येते आणि पोट लाकडासारखं कडक होतं.

ॲसिड कमी करणारं सिरप मात्र घरगुती औषध म्हणून वापरू नये. तात्पुरतं बरं वाटतं, खरं कारण झाकलं जातं, आणि जठरातलं ॲसिड हा जंतुसंसर्गाविरुद्धचा पहारेकरी असल्याने ते दीर्घकाळ दाबलं की जुलाबाचे आजार वाढतात. दूध ओकणाऱ्या पण गुटगुटीत, हसऱ्या बाळाला तर त्याची गरजच नसते.

जेवणाचं काय? काही नाही. ज्याने मुलाला त्रास होतो ते काही दिवस टाळावं, एवढंच. मेतकूट-भात आवडत असेल तर द्यावा, पण महिनोन्‌महिने सपक खाऊन अल्सर लवकर भरत नाही. मूल मात्र वाळतं. कोला, कॉफी आणि तंबाखू यांची बंदी योग्य आहे. तंबाखूचा उल्लेख मुलांच्या लेखात कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी शाळेजवळच्या टपरीवर मधल्या सुट्टीत उभं राहून पाहावं.

या जंतूवर लसीचे प्रयत्न चालू आहेत. चीनच्या जिआंगसू प्रांतात सहा ते पंधरा वर्षांच्या साडेचार हजारांच्या आसपास मुलांवर तोंडावाटे द्यायच्या लसीची चाचणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात तिने सुमारे ७२ टक्के संरक्षण दिलं. ती लस आपल्या दवाखान्यांत पोचलेली नाही. लसीशिवायही स्वच्छ पाणी, शौचालय आणि कमी गर्दीची घरं जिथे आली तिथे मुलांतला हा संसर्ग पिढीगणिक उतरत गेला आहे.

कोर्स संपला की बरं वाटतंय म्हणून विषय संपत नाही. प्रतिजैविकं थांबल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि ॲसिडचं औषध थांबल्यावर दोन आठवड्यांनी जंतू खरोखर गेला का ते तपासायचं असतं. श्वासाच्या चाचणीने, ज्यात मूल खास युरिया प्यायल्यावर पिशवीत फुंकर मारतं, किंवा शीच्या तपासणीने. जंतू राहिला असेल तर वेगळी औषधं निवडून पुन्हा कोर्स. कधी असंही होतं की जंतू गेलेला असतो, अल्सर भरलेला असतो, आणि मूल तरीही म्हणतं, पोटात दुखतंय. अशा वेळी तिसऱ्यांदा दुर्बीण घालण्याआधी ते नेमकं कुठे बोट ठेवतंय ते पाहावं, शी रोज होते का ते विचारावं, आणि शाळेत काय चाललंय याची चौकशी करावी.